दुसरी फ्लॉपी

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. मी तिथल्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. घर बल्लारपूरला, वडील कागद कारखान्यात कामाला, आणि मी नोकरीसाठी गडचिरोलीत एका खोलीत एकटी. त्या वर्षी आमच्या कॉलेजला संगणक मिळाला. एकच. नागपूरहून एक माणूस जीपमधून तो घेऊन आला, वनस्पतिशास्त्राचे वाळलेले नमुने ठेवायच्या खोलीत त्यानं तो मांडला, चालू कसा करायचा, बंद कसा करायचा ते दाखवलं आणि जेवून परत गेला.

त्या खोलीला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. चपला बाहेर काढाव्या लागत. खोलीची किल्ली आमच्या शिपाई भाऊंच्या करदोड्याला असायची. ते धानोऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले. खोली उघडली की ते आधी स्टॅबिलायझरचा काटा बघायचे आणि मगच मला आत सोडायचे.

"आता बसा जी बाई. काटा मधात आला."

मी बसायचे. काळ्या पडद्यावर हिरवं सी हे अक्षर, त्याच्यापुढं एक कोन आणि लुकलुकणारी रेघ. मशीन चालवणारं डॉस होतं त्यात, आणि पत्र टाइप करायचा एक प्रोग्राम. बाकी काहीच नाही. प्राचार्यांना तेवढ्यानं समाधान होतं. त्यांनी विद्यापीठाला एक पत्र त्यावर टाइप करून पाठवलं होतं. मला मात्र त्या रेघेसमोर बसून रडू यायचं बाकी राहायचं. मला पास्कल हवं होतं.

त्यामागचं कारण नागपूरचं आहे. एम.एस्सी. झाल्यावर मी एक वर्ष संगणकाचा डिप्लोमा केला होता. आम्हाला शिकवली ती पास्कल, संगणकासाठी प्रोग्राम लिहायची भाषा. पण मशीनवर बसायची पाळी आठवड्यातून एकदाच यायची, आणि त्यातही कुणीतरी आधीचं उठायचंच नाही. म्हणून आम्ही प्रोग्राम वहीत लिहायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझी खोलीतली मैत्रीण.

ती मुलचेऱ्याजवळच्या एका बंगाली गावातली. तिचे आईवडील पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आले आणि सरकारनं त्यांना तिथं जंगल तोडून केलेली जमीन दिली. ती इथंच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली. मराठी ती आमच्यासारखीच बोलायची, 'मले' आणि 'तुले' करत, फक्त स चा कधीकधी श व्हायचा. हॉस्टेलमध्ये आमच्या दोघींच्या खाटा एकमेकींना लागून होत्या. मधे एक वही असायची. एक ओळ मी लिहायची, एक तिनं. ती चूक फार लवकर पकडायची. मी पानभर लिहून खूश व्हायचे आणि ती बोट ठेवायची, "हे इथी फसते पाहा."

आमचा सगळ्यात लाडका प्रोग्राम तारखेवरून वार सांगणारा होता. कुठलीही तारीख द्या, तो वार सांगेल. महिनाभर त्यावर आम्ही भांडलो. लिहून पूर्ण झाला आणि त्याच आठवड्यात मशीन बिघडलं, मग परीक्षा आली, मग हॉस्टेल सुटलं. तो प्रोग्राम आम्ही चालताना पाहिलाच नाही. वही माझ्याकडे राहिली.

तिला कलकत्त्यात एका संस्थेत काम मिळालं, संगणकावरचंच. मी तिला गडचिरोलीहून लिहिलं की आमच्याकडे मशीन आलंय पण त्यात पास्कल नाही. तिचं उत्तर आलं ते पार्सल होऊनच. श्रावणातली गोष्ट. आठवडाभर पूर होता, आष्टीकडचा रस्ताही बंद होता आणि नागपूरकडचाही, टपाल कुठंतरी अडकून पडलेलं. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा त्याच्या एका बाजूला पाण्याचा मोठा डाग होता. आत साडीच्या खोक्याचे दोन पुठ्ठे, त्यांच्यात तीन फ्लॉप्या, त्या वेळच्या मोठ्या, वाकणाऱ्या, कागदी पाकिटातल्या. आणि चार पानांचं पत्र.

ते पत्र म्हणजे पास्कल मशीनवर कसं चढवायचं त्याची रीत होती. पण ते वाचताना ती शेजारच्या खाटेवरून बोलते आहे असंच मला वाटलं. 'आधी हात धुवून घे. फ्लॉपीच्या उघड्या भागाले बोट लावू नको, तुझी बोटं नेहमी तेलकट असतात. मग हार्ड डिस्कवर वेगळी डिरेक्टरी कर. नाव पास्कल ठेव, लांबलचक ठेवू नको, आठ अक्षरांच्या वर ते घेत नाई. पहिल्या फ्लॉपीत एडिटर आणि कंपायलर आहे, म्हणजे आपण लिहिलेलं मशीनले समजावून सांगणारा. दुसरीत लायब्ररी आहे, कंपायलरले लागणारे तयार तुकडे, तिच्याशिवाय तो मुका. तिसरीत नमुन्याचे प्रोग्राम. एकेक करून कॉपी कर, घाई करू नको. मशीन चालू होताना जी वाचते त्या सुरुवातीच्या फाइलमध्ये पास्कलचा रस्ता लिहून ठेव, पण तिथं आधीचं जे आहे ते पुसू नको. मग मशीन बंद करून चालू कर. पहिला प्रोग्राम कोणता चालवायचा ते मी सांगायची गरज नाई.'

मी त्या दिवशी खरोखर हात धुतले. शिपाई भाऊंनी टॉवेल दिला.

पहिली फ्लॉपी घातली. ड्राइव्हचा लाल दिवा लागला, घरघर झाली, एकेक फाइलचं नाव पडद्यावर येत गेलं. सगळी नावं मी मोठ्यानं वाचली. दुसरी घातली. तीन नावं आली आणि आवाज बदलला. दाढेखाली खडा आल्यासारखी करकर. मग पडद्यावर ओळ आली: वाचता येत नाही, सोडून द्यायचं, परत प्रयत्न करायचा की अपयश मानायचं?

मी 'परत' दाबलं. पुन्हा तेच. फ्लॉपी काढून पाहिली. एका कडेला तिचं आवरण फुगलं होतं. पाण्याचा डाग त्याच बाजूचा. पंख्याखाली वाळवली, परत घातली. दुपारभर मी 'परत' दाबत बसले.

"राहू द्या बाई," शेवटी शिपाई भाऊ म्हणाले. "तिले त्रास देऊन राह्यले तुमी."

तिसरी नीट उतरली. पण लायब्ररीशिवाय उपयोग नव्हता. एडिटर उघडायचा. मी वहीतला वाराचा प्रोग्राम त्यात ओळीनं टाइप केला, सुबक, मोकळ्या जागा सोडून. चालवायला गेले की संदेश यायचा, लायब्ररी सापडत नाही. म्हणजे लिहिता येत होतं, चालवता येत नव्हतं. वहीत होतं तेच आता काचेवर.

मी तिला त्याच संध्याकाळी लिहिलं, दुसरी फ्लॉपी पुन्हा एकदा पाठव. उत्तर आलं नाही. महिन्यानं पुन्हा लिहिलं. नाही. तार करावी असं मनात आलं, पण तारेत काय लिहिणार? दसरा गेला. तास संपला की मी त्या खोलीत जायचे, तेवढाच प्रोग्राम उघडून बघायचे आणि बंद करायचे. खरं सांगायचं तर आता मला फ्लॉपीपेक्षा तिच्या अक्षराची ओढ होती. ती मला विसरली असेल असं वाटायचं. मग वाटायचं, आजारी असेल. दोन्हींतलं कुठलं बरं, ते ठरवता यायचं नाही.

दिवाळीच्या सुटीत बल्लारपूरला जायचं सोडून मी मुलचेऱ्याची बस पकडली. तिच्या आईला विचारावं, पत्ता बदलला का, एवढंच डोक्यात होतं. चामोर्शी, आष्टी, मग पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणीला आलेला धान. गावात काली पूजेचा मांडव उभा राहत होता. तिचं घर मी एकदा पाहिलं होतं, कुडाच्या भिंती, अंगणात पेरू आणि मागं छोटं तळं.

तळ्याच्या काठावर एक बाई पाठमोरी बसून भांडी घासत होती. पदर कमरेला खोचलेला. मी आईच समजून हाक मारली, "मासीमा!"

तिनं वळून बघितलं. ती तीच होती.

तिच्या हाताला राख होती. मग मीच म्हणाले, "तू इथी कधीची?"

"तीन महिने झाले."

"तीन महिने! आणि मी तिकडं पत्रावर पत्र लिहून राह्यली."

तिनं हात धुतले. "घरात चल, बाबांले भेट आधी."

तिचे वडील खाटेवर होते. अर्धं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. पार्सल पोस्टात टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला तार मिळाली आणि ती निघून आली. घरात दुसरं कुणी नाही, ती एकुलती एक. शेती आई बघत होती, वडिलांना ती. नोकरी तिनं टपालानंच सोडली होती. मला पाहून वडिलांनी चांगला हात थोडा उचलला. मी नमस्कार केला.

मागच्या पडवीत आल्यावर मला राहवलं नाही. "काऊन नाई कळवलं मले? मी बसनं चार तासांवर आहे."

ती पेरूच्या झाडाकडे बघत म्हणाली, "कळवलं असतं तर तू आली असती. तू आली असती तर मशीनची गोष्ट काढली असती. आणि मले ती गोष्ट आता नको होती."

"मग मी नाई काढत."

"आता तर तू आलीच," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "लागलं का पास्कल?"

मी दुसऱ्या फ्लॉपीचं सगळं सांगितलं. आवरण फुगल्याचं, करकरीचं, दुपारभर 'परत' दाबल्याचं. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. मी सांगून संपवलं तेव्हा ती उठली, आत गेली आणि मुरमुऱ्यांचा डबा घेऊन आली. डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं प्लॅस्टिकमध्ये आणि वर लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. तिच्या स्वतःच्या, पास्कलच्याच तीन फ्लॉप्या होत्या.

"मुरमुरे ओल ओढून घेतात," ती म्हणाली. "पावसाळाभर यातच ठेवल्या. कशासाठी ठेवल्या, मलेच माहीत नाई."

तिनं त्यातली दुसरी माझ्या हातात दिली. मी ती घेतली नाही. "मी एकटी नाई लावणार. तू चल."

"येडी झाली का वं? बाबांले कोण पाहणार?"

दारात तिची आई उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. ती बंगालीत काहीतरी बोलली, जरा रागावूनच. मैत्रिणीनं मान खाली घातली. मी विचारलं, काय म्हणतात? ती म्हणाली, "एक दिवस माणसाविना घर मोडत नाई म्हणते. पण संध्याकाळपर्यंत परत ये म्हणते."

दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली बस. तिनं कलकत्त्याची सुती साडी नेसली होती, फ्लॉप्यांचं पुडकं मांडीवर, दोन्ही हात त्यावर. वाटेत तिनं फारसं काही विचारलं नाही. फक्त मशीनला किती मेमरी आहे, डॉस कितवं आहे, असलंच. मी उत्तर दिलं की ती मान हलवायची.

कॉलेज सुटीमुळं बंद होतं. शिपाई भाऊंच्या घरी जाऊन त्यांना बोलावून आणलं. तेही न कुरकुरता आले. परतीची बस साडेतीनला होती. खोलीत शिरायच्या आधी तिनं नळावर हात धुतले आणि माझ्याकडे पाहून हसली. त्या दोन दिवसांतलं तिचं ते पहिलं हसू.

ती खुर्चीवर बसली. मी बाजूला स्टुलावर. तिनं पडद्यावरच्या कोनापुढं बोटं नेली आणि तशीच थांबली. मग तिनं डिरेक्टरी उघडली, मी काय काय उतरवलंय ते वाचलं, सुरुवातीच्या फाइलमधली माझी एक चूक दुरुस्त केली. फ्लॉपी घालायला हात पुढं केला आणि पंख्याची पाती मंदावली.

"लाईन गेली जी," शिपाई भाऊ दारातून म्हणाले.

अकरा वाजले होते. आम्ही व्हरांड्यात बसलो. तिनं आणलेले मुरमुरे आणि नारळाचे लाडू खाल्ले, शिपाई भाऊंनाही दिले. बारा वाजले. एक वाजला. ती दर थोड्या वेळानं आत जाऊन फ्लॉपी पाकिटात नीट आहे ना ते बघून यायची. मी म्हणाले, आज मुक्काम कर. ती म्हणाली, नाही. मी म्हणाले, आमच्याकडे तासिकांवर शिकवायला माणूस हवा आहे, मी प्राचार्यांना विचारते. ती म्हणाली, "विचारू नको. ते हो म्हणाले तर मले नाई म्हणावं लागेल, ते जास्त कठीण जाईल."

वीज पावणेदोनला आली. शिपाई भाऊंनी काटा मधे येईपर्यंत आम्हाला उंबऱ्यावर थांबवलं.

दुसरी फ्लॉपी आत गेली. लाल दिवा, घरघर. पहिली तीन नावं आली. चौथं आलं. पाचवं. मग भराभर येत गेली आणि खाली फाइल कॉपी झाल्याची ओळ उमटली. मशीन बंद करून चालू केलं. तिनं पास्कल असं लिहिलं, एडिटर उघडला, मी टाइप करून ठेवलेला प्रोग्राम पुढं आला. तिनं कंपाइल केलं. एक अर्धविराम राहिला होता, तो घातला. पुन्हा केलं. आणि पडद्यावर आमचा प्रश्न आला, आम्ही वहीत लिहिला होता तसाच: तारीख सांगा.

मला वाटलं ती स्वतःची जन्मतारीख देईल. तिनं एक वेगळीच तारीख दिली, फेब्रुवारीतली, आमच्या जन्माआधीच्या एका वर्षातली.

"ही कशाची?"

"आईबाबा बल्लारपूरच्या स्टेशनवर उतरले तो दिवस. बाबांच्या कार्डावर आहे. बाबा म्हणतात मंगळवार होता, आई म्हणते शनिवार. पंचवीस वर्षं भांडून राह्यले दोघं. आता बाबा काही बोलतच नाई, तर आई म्हणते शनिवारच होता."

तिनं कळ दाबली. पडद्यावर बुधवार आला.

मी हसले. ती हसली नाही. "बुधवार नाई होऊ शकत. दोघांपैकी एक तरी बरोबर असलं पाहिजे." तिनं माझी वही मागितली. पानावर बोट फिरवत गेली आणि थांबली. "हे इथी फसते पाहा. जानेवारी-फेब्रुवारी मागच्या वर्षात धरायचे. महिना आपण बदलला, वर्ष एकानं कमी करायचं राहून गेलं."

चार वर्षं ती चूक वहीत होती. कागदावर ती आम्हा दोघींनाही दिसली नव्हती. तिनं एक ओळ घातली, पुन्हा कंपाइल केलं, तीच तारीख दिली.

मंगळवार.

ती बराच वेळ त्या हिरव्या अक्षरांकडे बघत राहिली. मग डोळे पुसले, मोकळेपणानं, माझ्यासमोर आणि शिपाई भाऊंसमोर. शिपाई भाऊंनी मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, वडील बरोबर होते. त्यांना काय समजलं माहीत नाही, पण त्यांनी मान डोलावली.

मग तिनं शिपाई भाऊंना त्यांची जन्मतारीख विचारली. त्यांना ती ठाऊक नव्हती. शाळेत मास्तरांनी लिहिली तीच. तीच घातली, सोमवार आला. "चांगला वार आहे," ते म्हणाले. मग माझी, मग तिची. तीन वाजता मीच म्हणाले, ऊठ.

बसस्टँडवर तिनं दुसरी फ्लॉपी माझ्याकडे ठेवायला दिली. म्हटलं, मी कॉपी करून घेतलीय, तुझी तू ठेव. ती म्हणाली, "माझ्याकडे ठेवून काय करू? तुझ्याकडे मशीन आहे." बस सुटताना तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, पण गाडीत गर्दी होती, चेहरा दिसला नाही.

पुढं तिचं पत्र आलं. वडिलांच्या कानाशी जाऊन तिनं मंगळवार सांगितला, तेव्हा ते तोंडाच्या एका बाजूनं हसले आणि आई दिवसभर फुगून बसली, असं त्यात होतं. दोन वर्षांनी ते गेले. मी लिहिलं, आता तरी कलकत्त्याला परत जा, नाहीतर इकडं ये. पण तोवर तिला गावाजवळच्या शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून घेतलं होतं, आई थकली होती, आणि कलकत्त्यातल्या जागेवर दुसरं कुणी बसलं होतं. ती राहिली ती तिथंच.

मी त्या खोलीत पास्कल शिकवायला सुरुवात केली. आरमोरी, धानोरा, चामोर्शीकडची मुलंमुली यायची, चपला बाहेर काढून. त्यांच्यात एखादी मुलगी भराभर चूक पकडायची आणि मला वाटायचं, इथं शिकवायला मी नाही, ती हवी होती. मी बरी शिक्षिका होते. पण यंत्राशी बोलायची जी तिची रीत होती, ती मला कधी आली नाही.

आम्ही अधूनमधून भेटत राहिलो, लग्नकार्यात, एकदा आष्टीच्या बसथांब्यावर ती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन उभी असताना. ती बरी दिसायची, शाळेच्या गोष्टी सांगायची. मी तिला कधी विचारलं नाही की तुला त्या मशीनची आठवण येते का. तिनंही कधी तक्रार केली नाही. करायला हवी होती, निदान माझ्याजवळ तरी, असं मला अजूनही वाटतं.